तीन बोटांचं माप

हॉस्पिटलात तिला दशांशबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि तिची हरकत नव्हती. आकडा गोल करून सांगणं तिच्या स्वभावातच नव्हतं. वेळ विचारली तर ‘पावणेचार’ न म्हणता ‘तीन त्रेचाळीस’ म्हणायची. चहात साखर किती, असं विचारलं तर ‘पाऊण चमचा’ म्हणायची आणि पाऊणच पडतेय ना, ते वाकून बघायची.

तिची खोली तळघरात होती. शेजारच्या खोलीत मशीन. मधली भिंत दोन हात जाड, दाराला आतून शिसं. कॅन्सरच्या पेशंटांना तिथं शेक देत. डॉक्टर कागदावर लिहून देत, इतका शेक, इतक्या दिवसांत. मशीन खरोखर तेवढाच देतं का, हे बघणं दशांशबाईचं काम. पाण्याच्या टाकीत बोटाच्या पेराएवढी एक पोकळ डबी बुडवायची, तिच्यावर किरण सोडायचे आणि डबीतली हवा काय सांगते ते लिहून घ्यायचं. या कामात चूक झाली तर ती कुणाला दिसत नाही. किरणांना रंग नसतो, वास नसतो, ऊबही नसते. टेबलावर पडलेल्या माणसाला त्या क्षणी काही कळत नाही. चूक वर यायला महिने लागतात, आणि ती येते माणसाच्या अंगावर.

हे काम ती बावीस वर्षं करत होती. त्यातली शेवटची अकरा तिनं डूख धरून काढली.

दर महिन्याच्या एक तारखेला, कामाला निघण्याआधी, ती दादाचं तोंड मोजायची. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. सत्तावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता. मागच्या दारातून ‘पुढे सरका’ म्हणाला की रस्त्यावरची माणसंसुद्धा दोन पावलं पुढे सरकत, असं त्याचा ड्रायव्हर सांगायचा. आता तो खिडकीशी लोखंडी खुर्चीत बसलेला असे. पोटात नळी, मांडीवर पाटी, हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा. आवाज गेल्यापासून तो चिमट्यानं खुर्चीच्या दांड्यावर ठोकून बोले. बसमध्ये घंटीची जी भाषा होती तीच घरात आली होती. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. बाकीचं पाटीवर.

“बोटं घाल,” ती म्हणायची.

धड माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दादाच्या तोंडात एक मावायचं, तेही तिरकं करून. मग ती पट्टी लावून वरच्या दाताची कड ते खालच्या दाताची कड मोजायची.

“चौदा पूर्णांक पाच मिलिमीटर.”

“आणि मागच्या महिन्यात किती होतं, वन्सं?” वहिनी आतून विचारायची. ती नळीतून द्यायचं पातळ जेवण गाळत असायची.

“चौदा पूर्णांक पाच.”

“मग मोजता कशाला? जबडा काय वाढत्या वयाचा आहे? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. ह्यांचं नाक मी तीस वर्षं दाबतेय.”

दादा पाटीवर लिहायचा आणि पाटी बहिणीकडे वळवायचा. *हिचं कशानं बंद होतं ते आधी शोध.*

वहिनी न बघताच म्हणायची, “काय लिहिलंय ते कळतं मला.”

मग तिघंही थोडी हसायची. दादाचं हसणं नाकातून यायचं. दशांशबाई पट्टी पुसून पिशवीत टाकायची आणि जिना उतरताना तिच्या दाढा एकमेकींवर घट्ट बसलेल्या असायच्या.

दादाच्या घशात गाठ निघाली तेव्हा वहिनीला त्याला मोठ्या शहरात न्यायचं होतं. दशांशबाईनंच नको म्हटलं. “त्या मशीनवर रोज माझा हात फिरतो, वहिनी. घरचं सोडून परक्याकडे कशाला?” हे वाक्य वहिनीनं नंतर कधी उगाळलं नाही. उगाळलं असतं तर बरं झालं असतं.

खात्याचे प्रमुख म्हणजे सर. ती त्यांच्याच हाताखाली शिकली. सरांचा आवाज खर्जातला, गोल, ऐकत राहावा असा. हाताखालच्या माणसांनी त्यांचं नाव आकाशवाणी ठेवलं होतं. त्यांना भाषणाची जितकी हौस, तितकाच वाचण्याचा कंटाळा. मोजणीच्या तक्त्यावर दोन सह्या लागत. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं, दोन्ही जुळले की दोघांनी सही करायची, असा नियम. खात्यात त्याचं केव्हाच लोणचं झालं होतं. शनिवारी सर हिरव्या शाईचं पेन काढत आणि समोरचा गठ्ठा न वाचता सह्या करून संपवत. पुढच्या आठवड्याच्या कोऱ्या तक्त्यांवरही. “सही म्हणजे काय गं,” ते म्हणत, “हजेरी.”

दादाला भरती करायचं म्हणून तिनं चार दिवसांची रजा टाकली. निघताना सरांनी एक कोरा तक्ता पुढे सरकवला. “मशीनचा एक भाग बदलायचाय या आठवड्यात. त्यानंतर मोजावं लागेल. मोजतो मी. तू तेवढी सही ठेवून जा.”

जी चहातली साखर वाकून बघायची, तिनं कोऱ्या कागदावर सही केली. खाली रिक्षा थांबली होती आणि रिक्षात दादा बसलेला होता.

पुढं जे झालं ते थोडं समजावून सांगावं लागतं. डबीतली हवा दाट आहे की विरळ, त्यावर तिचा आकडा बदलतो. म्हणून मोजताना हवेचा दाब माहीत असावा लागतो. खोलीतला दाबमापक त्याच सुमारास फुटला होता. सरांनी हवामान कचेरीला फोन केला, तिकडून मिळालेला आकडा तक्त्यात मांडला आणि गणित सोडवलं. गाव उंचावरचं. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर आणि नऊशे मीटर खाली. पण हवामान कचेरीची एक रीत असते. नकाशावर सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून ती प्रत्येक गावाचा दाब, ते गाव समुद्रकाठी असतं तर जेवढा असता तेवढा सांगते. त्या आकड्यानं विरळ हवा दाट ठरली आणि चांगलं धडधाकट मशीन अशक्त ठरलं. नवा भाग बसवल्यामुळे असेल, असं सर म्हणाले, आणि त्यांनी मशीनचा जोर वाढवला. शंभराच्या जागी एकशे अकरा.

अकरा ऐकायला फार वाटत नाही. पण घशातलं मांस शेकाची सहासष्ट मापं सोसतं. त्र्याहत्तर सोसत नाही.

दादाला तेहेतीस दिवस शेक मिळाला. चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा, तो टेबलाला खिळलेला. रोज दशांशबाई स्वतः आत जाऊन बघायची. “हलू नकोस हं,” असं म्हणून ती बाहेर पडायला लागली की मागून टेबलाच्या कडेवर बोटाचे दोन ठोके पडायचे. चल. तेहेतीस दिवस त्यानं तिला चल म्हटलं आणि तेहेतीस दिवस तिनं बटण दाबू दिलं.

आणि आठ महिने दर शनिवारी हवामान कचेरीला फोन तीच करत होती. सरांनी घालून दिलेली पद्धत. नवा दाबमापक मागवला होता, तो येत होता, येत होता, येत नव्हता.

एका शनिवारी तिकडून नवीन आवाज आला.

“आजचा दाब देता का?” तिनं विचारलं.

“देतो की. कुठला देऊ, बाई? इथला, का समुद्राचा?”

“म्हणजे?”

“आम्ही दोन्ही लिहितो. आधीचे कारकून गेले निवृत्त होऊन, ते ज्याला त्याला समुद्राचाच द्यायचे. नकाशाला तोच लागतो. तुम्हाला नकाशा काढायचाय?”

“नाही.”

“मग समुद्राचं काय करणार तुम्ही?”

तिनं दोन्ही आकडे लिहून घेतले. एकमेकांखाली. मग वरच्याला खालच्यानं भागलं. भागाकार तिनं तीनदा केला. एक पूर्णांक अकरा.

सर त्या वेळी घरी जायला निघाले होते. तिनं कागद पुढे धरला. त्यांनी तो या वेळी मात्र वाचला. बराच वेळ वाचला.

“सोमवारी बघू,” ते म्हणाले. “तोवर कुणाशी बोलू नकोस. पेशंट घाबरतात उगीच.”

रविवारी ते एकटेच आले आणि मशीनचा जोर खाली आणून गेले. सोमवारी नोंदवहीत हिरव्या शाईत दोन शब्द होते, ‘किरकोळ जुळवणी’.

“काय चुकलंय सांग,” ते म्हणाले. “मशीन बरोबर आहे. घे, मोज.”

“आठ महिन्यांत ज्यांना शेक मिळाला त्यांना कळवायला हवं, सर.”

“काय कळवणार? तुमचा कॅन्सर बरा झाला, माफ करा, जरा जास्तच बरा झाला, असं?” त्यांनी कपाटातून तो तक्ता काढला आणि तिच्यापुढे ठेवला. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. “खाली बघ. दुसरी सही कुणाची आहे? मी बुडालो तर तुझा हात धरूनच बुडेन, पोरी. आणि दादाला कोण बघणार मग? वहिनी?”

ते दार उघडं टाकून चहाला गेले. तिनं तक्ता घडी करून पदराआड धरला, खाली आणला आणि आपल्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी तिनं एवढंच केलं. सरांना तो कपाटात नाही, हे कधी कळलंच नाही. वाचायला तो पुन्हा काढणार कोण होतं?

ती गप्प का राहिली, याची कारणं तिनं स्वतःला पुष्कळ सांगितली. नोकरी गेली असती. नळी, औषधं, ड्रेसिंग, सगळं त्याच हॉस्पिटलात चाललं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर. ही कारणं खरीच होती. पण त्यांच्या तळाशी तिची सही होती, निळ्या शाईत, ठसठशीत, दोन्ही टिंबांसकट.

दादाचा जबडा वर्षाच्या आत आवळत आला. मग गिळणं गेलं, मग आवाज. दुसऱ्या वर्षी तिनं त्याला सगळं सांगितलं. फोन, समुद्र, अकरा, सही. तो ऐकत राहिला. मग त्यानं पाटी ओढली.

*वाचून केली होतीस सही?*

तिनं नकारार्थी मान हलवली.

त्यानं पाटी पुसली नाही. ती तशीच मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. पुढे तीन महिने त्यानं तिच्यासाठी एकही ठोका दिला नाही. ती यायची, मोजायची, जायची. वहिनी दोघांच्या मधे भांडी आपटायची.

चौथ्या महिन्याच्या एक तारखेला ती पोचली तेव्हा दादानं आधीच तोंडात बोट घालून ठेवलं होतं. मोजून झाल्यावर त्यानं लिहिलं, *तुझ्याकडून ऐकलं. आता त्याच्या तोंडून ऐकायचंय. सगळ्यांसमोर.*

“तो कशाला बोलेल?”

दादानं दोन ठोके दिले.

तिला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं असं एक काम मिळालं. तिनं रीतसर संशोधनाची परवानगी काढली. विषय साधा होता, ‘घशाच्या शेकाचे दूरचे परिणाम’. कुणालाही त्यात काही खटकलं नाही. जुनी कागदपत्रं काढून तिनं त्या आठ महिन्यांतले घशा-तोंडाचे पेशंट वेगळे केले. एकशे सदतीस. आणि त्यांच्या घरी जायला लागली. दर सुट्टीच्या दिवशी, पिशवीत पट्टी आणि वही घेऊन. एका शिंप्याच्या तोंडात दीड बोट मावायचं, तो दातांत दोरा तोडायचा तेही आता जमत नव्हतं. एका शाळामास्तरणीचा आवाज टाचणीएवढा झाला होता, पोरं तिच्याभोवती अगदी जवळ येऊन बसायची. एक पहिलवान पाणी पितानासुद्धा खोकून निळा पडायचा. काही घरांत नुसताच फोटो होता. तिथं ती तारीख लिहून घ्यायची आणि पाणी न पिता उठायची.

“एवढी चौकशी कोण करतं, बाई,” लोक म्हणायचे. “देवमाणूस आहात.”

तिला ते ऐकवत नसे. देवमाणूस व्हायला ती निघालीच नव्हती. तिला सरांच्या गळ्याभोवती एकेक आकडा गुंफत न्यायचा होता, घाई न करता, गाठ न सुटेल असा. हवामान कचेरीतल्या त्या कारकुनानं आठ महिन्यांचे दोन्ही दाब सुवाच्य अक्षरात उतरवून, शिक्का मारून दिले. “अजून नकाशा नाही ना काढत?” त्यानं विचारलं. “काढतेय,” ती म्हणाली.

या काळात सर मोठे होत गेले. निवृत्त झाले, तरी समित्यांवर होतेच. नवीन पोरांना प्रमाणपत्रं देताना ते म्हणत, “मोजमाप म्हणजे सचोटी. आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.” टाळ्या पडत. तिसऱ्या रांगेत दशांशबाईही टाळ्या वाजवत असे. एकदा शेजारणीनं विचारलं, “तुमचे गुरू ना?” ती म्हणाली, “हो. त्यांचं देणं लागते मी.”

अकराव्या वर्षी एकशे सदतीसपैकी एक्केचाळीस जिवंत होते. निबंध चाळीस पानांचा झाला. तो घेऊन ती सरांच्या घरी गेली. दिवाणखान्यात मानपत्रं भिंतीला लटकलेली, काचा लख्ख पुसलेल्या.

“मोजणीची जबाबदारी त्या वर्षांत तुमची होती, सर,” ती म्हणाली. “तुमचं नाव पहिलं हवं. माझं खाली.”

सरांनी फाइल हातात तोलली. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणायचो मी तुझ्याबद्दल. सुटला म्हणायचा पीळ.” मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “ते जुनं काही उकरलं नाहीस ना?”

“त्या कागदावर माझीही सही आहे, सर. मी विसरेन होय?”

ते मोठ्यानं हसले. खर्जात.

“वाचून घ्या,” ती म्हणाली. “निदान नववं पान तरी वाचा.”

“तुझं काय वाचायचं? एक दशांश इकडचा तिकडे व्हायचा नाही.” त्यांनी हिरवं पेन काढलं. फॉर्मवर छापलं होतं, ‘मी हा निबंध पूर्ण वाचला असून त्यातल्या मोजमापांची जबाबदारी घेतो.’ सही झाली. वळणदार, खाली रेघ. “वार्षिक सभेत कोण वाचणार आहे?”

“तुम्हीच वाचावा. माझा आवाज कुठे पोचतो?”

त्यांना ते पटलं. ती जिना उतरली. खालच्या पायरीवर तिला हसू आलं, ते आवरेना, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेजारचा कुत्रा तिच्याकडे बघून मागे सरला.

सभेच्या सकाळी वहिनीनं दादाला त्याचा जुना खाकी कोट चढवला. कोटात आता दोन दादा मावले असते.

“वन्सं, नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

“आणि ह्यांचं तोंड उघडेल त्यानं?”

“नाही.”

“मग हा उपद्व्याप कशासाठी म्हणते मी? अकरा वर्षं डोकं शांत ठेवलंत, आता...”

लोखंडावर दोन ठोके पडले. वहिनीनं कोटाची गुंडी लावली.

सभागृह हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर होतं. किरणांच्या कामातली दोनेकशे माणसं आली होती, डॉक्टर, मोजणीवाले, मशीन चालवणाऱ्या मुली. दशांशबाईनं दादाची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला लावली आणि स्वतः शेजारी बसली. सर व्यासपीठाकडे जाताना थांबले. “पेशंट आणलास वाटतं. छान. बरा झालेला माणूस समोर असला की वाचायला हुरूप येतो.” दादाकडे बघून त्यांनी हात जोडले. ओळखलं नाही. दादा नुसता बघत होता.

सर वाचू लागले. मागच्या पडद्यावर तीच पानं उमटत होती. आवाज सभागृहभर पसरला, शेवटच्या रांगेतल्या लोकांनीही मोबाइल खाली ठेवले. शिंपी आला, मास्तरीण आली, पहिलवान आला. सरांच्या आवाजात ती माणसं जिवंत झाल्यासारखी वाटत होती. दशांशबाईला हे नवीन होतं. तिचेच शब्द तिला पहिल्यांदा सुंदर वाटले आणि त्याचा तिला राग आला.

आठवं पान उलटलं.

“या रुग्णांमधल्या दुष्परिणामांचं कारण त्यांच्या शरीरात नव्हतं,” सर वाचत होते. “मशीनची मोजणी करताना स्थानिक दाबाऐवजी समुद्रसपाटीचा दाब वापरण्यात आला. त्यामुळे ठरलेल्या शेकाच्या शेकडा एकशे अकरा शेक दिला गेला. दाबाचा आकडा हवामान कचेरीकडून फोनवर घेऊन न तपासता वापरला तो तेव्हाच्या खातेप्रमुखांनी, म्हणजे या निबंधाच्या पहिल्या लेखकाने...”

आवाज आपल्या वेगानं आणखी दोन अक्षरं पुढे गेला आणि थांबला.

माइक गुणगुणत राहिला. सरांनी कागदाकडे बघितलं, मग मागे वळून पडद्याकडे. तिथं तेच होतं, हातभर उंच अक्षरांत, आणि शेजारी त्या जुन्या तक्त्याचा फोटो. हिरवी सही, निळी सही. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. या नजरेसाठी तिनं अकरा वर्षं घालवली होती. ती हात मांडीवर ठेवून बसली आणि नजर हटू दिली नाही.

“पाणी देऊ का, सर?” अध्यक्षांनी हळूच विचारलं.

सरांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

ठक. ठक.

चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर. फार मोठा आवाज नव्हता, पण दुसरा कुठलाच आवाज नव्हता. सर खाली बघायला लागले. खाकी कोट, चिमटा, आवळलेला जबडा. या वेळी त्यांनी ओळखलं. ते चेहऱ्यावर दिसलं.

ठक. ठक.

“हा काय म्हणतोय?” मागून कुणीतरी विचारलं.

“पुढे चला म्हणतोय,” दशांशबाई म्हणाली. बसल्या जागेवरूनच. तिचा आवाज चांगला पोचला.

सरांनी पुन्हा वाचायला घेतलं. जाता आलं असतं त्यांना, दार उघडं होतं. पण दोनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि आयुष्यभर त्यांनी याच एका गोष्टीची सवय लावून घेतली होती. आवाज मात्र त्यांचा राहिला नव्हता. पातळ, वर चढलेला, मधेच फाटणारा. “चूक लक्षात आल्यावर मशीन सुटीच्या दिवशी दुरुस्त करण्यात आलं. रुग्णांना कळवण्यात आलं नाही. नोंदवहीत ‘किरकोळ जुळवणी’ असं लिहिलं गेलं.” त्यांनी ओठ ओले केले. “तक्त्यावरची दुसरी सही या निबंधाच्या दुसऱ्या लेखिकेची आहे. ती कोऱ्या कागदावर केलेली आहे. चूक कळल्यावर लेखिका अकरा वर्षं गप्प राहिली.”

दशांशबाई उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या माना सरांकडून तिच्याकडे वळल्या. ती उभी राहिली तेवढा वेळ सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. सुटका असावी. तेवढीही तिला त्यांना द्यायची नव्हती, पण ते वाक्य तिनं स्वतःच लिहिलं होतं आणि ते खरं होतं.

पुढचं लवकर झालं. सरांचं नाव समित्यांवरून गेलं, मानपत्रं भिंतीवर राहिली की उतरली ते कुणी सांगितलं नाही. दशांशबाईला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. एक्केचाळीस लोकांना हॉस्पिटलनं पत्रं पाठवली, तपासणीला बोलावलं. शिंपी तिच्या दारात आला. ती काही बोलायच्या आधीच म्हणाला, “बाई, तुम्ही दर वर्षी यायचात. मोजून जायचात. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?” ती हो म्हणाली. तो वळला आणि गेला. त्यानं शिवी दिली असती तर ती तिनं ठेवून घेतली असती.

पुढच्या एक तारखेला ती नेहमीच्या वेळी दादाकडे गेली. घाई नव्हती, तरी त्याच वेळी.

“बोटं घाल.”

एक बोट. तिरकं. पट्टी लावली.

“किती?” आतून वहिनीनं विचारलं.

“चौदा पूर्णांक पाच.”

“झालं मग समाधान?”

दादानं पाटी ओढली. बराच वेळ लिहीत होता. *चांगला वाचला. मधे थांबला, पण गाडी सोडली नाही.* नाकातून हसला. मग पुसून पुन्हा लिहिलं आणि पाटी तिच्याकडे वळवली.

*आता तुझं मोज.*

“माझं काय मोजायचंय?”

दोन ठोके.

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. खिडकीतून खाली बस जाताना ऐकू आली, तिच्याकडेही त्यानं बघितलं नाही. तो तिच्याकडे बघत होता, सभागृहात सरांकडे बघत होता तसा.

तिनं उजव्या हाताची तीन बोटं उभी केली आणि तोंडात घातली.

तिन्ही मावली. वर आणखी जागा उरली.